कच्च्या टाक्यांचा कोट

सोमवार, ४ मार्च

पोरगी आज परत गेली आणि जाताना कॉम्प्युटर माझ्या गळ्यात मारून गेली. मी शिंपी माणूस, सहावीपर्यंत शिकलेला. यंत्र म्हणजे मला पायानं चालवायचं शिलाईचं मशीन ठाऊक, आणि तेही माझ्या पायाचं ऐकणारं. हे नवीन प्रकरण कापडं बेतायच्या टेबलावर मांडलंय. त्याच्या शेजारी कात्री ठेवलेली चालते की नाही, हे विचारायचं राहिलं. म्हणून कात्री खिडकीत ठेवली. मग वाटलं, खिडकीतून पडून खाली कुणाच्या डोक्यात गेली तर? आता ती उशीखाली आहे.

पोरीची अट अशी. रोज संध्याकाळी सात वाजता मी यंत्रापुढे बसायचं आणि तिला चेहरा दाखवायचा. "फोनवर तुम्ही 'बरं आहे' म्हणता आणि ताप अंगावर काढता. मला डोळ्यांनी बघायचंय." दोनदा चुकलो तर ती गाडी घेऊन येणार आणि मला तिच्या घरी नेणार, ते कायमचंच. तिथं माझी खोली तयार आहे. पडदेसुद्धा लावलेत, दुकानातून आणून. शिंप्याच्या खोलीला विकतचे पडदे! पोरगी जीव लावते, जावईबापू देवमाणूस, पण मी तिथं दिवसभर करू काय? दारातल्या पायपुसण्यासारखा पडून राहीन.

यंत्रात दोन बिऱ्हाडं आहेत. चालू केलं की काळ्या पडद्यावर दोन ओळी येतात, कुठल्या घरात जायचं म्हणून. वरची ओळ माझी. खालची पोरीची, ती इथं आली की त्यात ऑफिसचं काम करते. एका वेळी एकच बिऱ्हाड उघडतं. दुसऱ्यात जायचं तर पहिलं बंद करून यंत्र नव्यानं चालू करायचं. "खालच्या ओळीला हात लावायचा नाही, बाबा," असं तिनं इतक्या वेळा बजावलं की माझा हात आपोआप तिकडेच जायला लागला. शेवटी पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागावर पुठ्ठा चिकटवला. आता निम्मंच दिसतं, पण जिवाला घोर नाही.

गुरुवार, ७ मार्च

तीन दिवस चेहरा दाखवला. जमतंय! आज कोट घालून बसलो. पोरगी म्हणाली, "बाबा, नुसतं कपाळ दिसतंय." मी म्हटलं, "माणसाचं सगळं तिथंच लिहिलेलं असतं, वाच." ती हसली. मी जिंकलो.

झोपण्याआधी यंत्राच्या पाठीला हात लावून बघितला. गरम होतं. ताप असावा का?

मंगळवार, १२ मार्च

घात झाला. सातला पाच मिनिटं असताना पडद्यावर पाटी आली, डिस्क भरली आहे, जागा नाही. मी तर आत काहीच ठेवलं नव्हतं! चोर घरातून सामान नेतात हे ऐकलं होतं, आणून ठेवतात हे पहिल्यांदा बघितलं. चेहरा उघडेना. पोरीला फोन केला तर म्हणाली, "एक झालं, बाबा." गोड आवाजात म्हणाली. न्यायाधीशसुद्धा शिक्षा गोड आवाजातच सुनावत असतील.

तसाच जिना चढून वर गेलो. वरच्या मजल्यावर टायपिस्ट बाई एकट्या राहतात. कोर्टात टायपिंग करून रिटायर झाल्या. इतकी वर्षं "काय मास्तर" आणि "काय बाई" एवढंच आमचं बोलणं. त्यांनी दार उघडलं आणि माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "घरात पाणी शिरलं का?"

"नाही. कॉम्प्युटर भरला."

"मग उलटा करून ओता," म्हणाल्या आणि दार लावलं. मग पुन्हा उघडून म्हणाल्या, "उद्या सकाळी येते. रात्रभर त्याच्याकडे बघत बसू नका."

मी बसलो नाही. पलंगावर पडूनच बघितलं.

बुधवार, १३ मार्च

काय दिवस होता!

बाई आल्या. आल्या आल्या पुठ्ठा उपटला. "हे काय, मास्तर? यंत्राला घुंघट?" मग चष्मा लावून काय काय उघडलं आणि म्हणाल्या, "टेंपररी फायली साचल्यात. यंत्र काम करताना स्वतःच्या सोयीसाठी आत तात्पुरतं काहीबाही करून ठेवतं. काम झालं की ते काढून टाकायला हवं. पण राहून जातं, आणि जागा अडते."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी खुर्चीतून उठलोच. "बाई, हा तर कच्चा टाका!"

"कसला टाका?"

मी त्यांना माझा कोट काढून दाखवला. म्हटलं, कोट शिवताना आधी पांढऱ्या दोऱ्यानं लांब लांब टाके घालतात, नुसते धरून ठेवायला. ट्रायल झाली, पक्की शिलाई पडली की ते उपसून टाकायचे. एखादा राहिला तर नवरदेव भर मांडवात पांढरी शेपटी घेऊन हिंडतो. यंत्राच्या अंगावर नुसत्या शेपट्याच शेपट्या झाल्यात!

बाई हसल्या. त्यांना हसताना मी आजवर पाहिलंच नव्हतं. मागे एक दात सोन्याचा आहे.

मग पोरीला फोन लावला. तिनं सांगितलं, तसं बाई करत गेल्या. यंत्रात दोन्ही बिऱ्हाडांना मिळून एक सामाईक जागा आहे, अंगणासारखी. पोरीच्या बिऱ्हाडाचा कचरा आधीपासून तिथंच पडतो. आता माझाही तिथंच पडणार, म्हणजे घरात अडचण नको. "माझं बिऱ्हाड चालू झालं की ती जागा आपोआप झाडून निघते," पोरगी म्हणाली, "पण मी येईपर्यंत तुमची तुम्हीच झाडायची." मी म्हटलं, एवढंच ना? शिंप्यानं आयुष्यभर दुसरं केलं काय!

मग आम्ही टाके उपसले. बाईंनी सगळं निवडून दिलं आणि शेवटचं बटण मला दाबू दिलं. पडद्यावर कागदाचे तुकडे उडत गेले, उडत गेले, आणि जागाच जागा झाली. मी टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, "मास्तर, भिंतीला भिंत आहे." मग त्यांनीही एक वाजवली, हळूच.

सात वाजता चेहरा दाखवला. पोरगी म्हणाली, "बाबा, आज तुम्ही वेगळेच दिसताय." पुठ्ठा काढला ना!

शुक्रवार, १५ मार्च

सकाळी झाडलं. दुपारी झाडलं. चहानंतर झाडलं. आता उपसायला दोरा म्हणून उरला नाही. यंत्र आरशासारखं लख्ख. बाईंना बोलवायचं काही कारणच नव्हतं.

दिवस फुकट गेला.

शनिवार, १६ मार्च

सराव राहायला हवा, नाहीतर हात विसरतो. म्हणून आज मुद्दाम कचरा केला. सकाळपासून कोटांची चित्रं बघितली, मग बटणांची, मग मांजरं दिसली ती बघितली, एक माणूस विहीर खणतो ते पूर्ण बघितलं. दुपारपर्यंत छान साचलं. धावत वर गेलो.

"बाई, पुन्हा भरलं!"

"इतक्यात? काय करता काय दिवसभर?"

"माझं काही नाही, यंत्रच खादाड आहे."

त्या आल्या. यंत्रानं माझ्या दिवसभराची सगळी यादी त्यांना दाखवली, चुगलखोर कुठलं. "मास्तर, बत्तीस मांजरं?" मी शिलाईच्या मशीनला तेल घालायला गेलो. त्याला तेलाची गरज नव्हती. बाईंनी झाडलं आणि जाताना म्हणाल्या, "उद्या कुत्री बघा. फायली मोठ्या होतात." त्यांना फार माहिती आहे.

मंगळवार, १९ मार्च

छातीत धडधडतंय. मनात आलं, पोरीला कळलं तर उद्याच गाडी दारात. म्हणून गुपचूप डॉक्टरांकडे गेलो. तरुण आहे, पण हात हलका. त्यानं नळी लावली, पट्टा आवळला आणि विचारलं, "कधी होतं हे?"

"दुपारी."

"जेवल्यावर?"

"नाही. टेंपररी फायली साचल्या की."

त्यानं नळी कानातून काढली. "मग त्या काढल्यावर थांबतं?"

"नाही, त्या काढत असताना जास्त होतं. वरच्या मजल्यावरच्या बाई येतात काढायला. जिन्यात चपला वाजल्या की सुरू होतं."

डॉक्टर बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. खांदे हलत होते त्याचे. मला वाटलं, काही गंभीर दिसलं आणि सांगवत नाहीये. मग म्हणाला, "आजोबा, हृदय अगदी ठणठणीत आहे. उलट इतके दिवस बसून होतं, आता कामाला लागलंय. फायली साचू द्यात."

औषध नाही, गोळी नाही. हल्लीचे डॉक्टर!

बुधवार, २० मार्च

आज बाई स्वतःहून आल्या. कचरा नसताना! म्हणाल्या, "रिटायर झाल्यापासून बोटं उपाशी आहेत. तुम्ही बोला, मी टाइप करते."

"काय बोलू?"

"त्या दिवशी कोट दाखवलात तसं. पहिल्यापासून सांगा. कुठं लिहिलेलं नसेल."

मग मी येरझाऱ्या घालत सांगायला लागलो आणि बाई टाइप करायला लागल्या. माप घेताना गिऱ्हाइकाला श्वास सोडायला सांगावा, कारण दुकानात शिरला की प्रत्येक जण पोट आत ओढतो. एक खांदा नेहमी खाली असतो, ते बोलून दाखवू नये, गुपचूप भरीला कापूस घालावा. बाईंची बोटं अशी चालतात की माझ्या मशीनची सुई मागे पडेल. मध्येच थांबून म्हणतात, "हे खोटं वाटतं." मग मी खरं सांगतो. सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणे. आज आम्ही छातीच्या मापापर्यंत गाठला.

शेवटी प्रश्न आला, हे ठेवायचं कुठं? बाई म्हणाल्या, तुमच्या कपाटात, पक्क्या फायलीत. मी म्हटलं, मुळीच नाही. अर्धा कोट कपाटात कधी टांगू नये. खांद्यात उतरतो, आणि धनी आला तर 'झाला की!' म्हणत तसाच घेऊन जातो. आमच्या धंद्यात अर्धं काम कच्च्याच्या टोपलीत राहतं. तेव्हा हेही अंगणात, टेंपररीतच ठेवा.

"मास्तर, ती टोपली नाही, उकिरडा आहे. झाडला जातो."

"पण झाडतो कोण? आपणच ना? कोटाभोवती झाडू."

बाईंनी चष्मा नाकावर सारला. कोर्टात त्यांनी कुणाचं ऐकलं नसेल. पण म्हणाल्या, "बरं. तुमचा कोट, तुमची टोपली."

रविवार, २४ मार्च

कॉलरीपर्यंत आलो! मधल्या दिवसांत लिहायला वेळच मिळाला नाही. बाई सकाळीच येतात. अस्तरावर आमचं भांडण झालं. मी म्हटलं, अस्तर दिसत नाही म्हणून हलकं लावणारा शिंपी चोर. त्या म्हणाल्या, चोर टाइप करणार नाही, अब्रूनुकसानीचा दावा लागतो. मी म्हटलं, लबाड लिहा. 'लबाड'वर तडजोड झाली.

बाईंचे केस मागून बघितले तर शिलाई सरळ आहे. म्हणजे भांग. काय लिहितोय मी.

सोमवार, २५ मार्च

मेलो.

कॉलर म्हणजे कोटाचा जीव. ती मानेवर कशी बसते ते कोरडं सांगून बाईंना कळेना, म्हणून टेप घेऊन त्यांच्याच मानेवर दाखवत होतो. बाई म्हणाल्या, "मास्तर, टेप थरथरतोय." मी म्हटलं, जुना आहे. मग पुन्हा टाइप, पुन्हा माप. घड्याळाकडे बघितलं तर आठ वाजून गेलेले. फोन खिशात वाजून वाजून गप्प झालेला.

मी पोरीला फोन केला. "दोन झालं, बाबा. होतात कुठं? किती घाबरले मी!"

"कॉलरीत होतो."

"कुठं?"

ते समजावून सांगणं अवघड होतं. ती परवा येतेय.

बाई उठल्या, चष्मा पुसला आणि "जेवून घ्या" एवढं बोलून वर गेल्या. आज जिन्यात त्यांच्या चपला वाजल्याच नाहीत.

बुधवार, २७ मार्च

सगळं लिहितो.

पोरगी सकाळी दोन रिकाम्या बॅगा घेऊन आली. माझ्या गळ्यात पडली, मग कपाट उघडून माझे शर्ट काढायला लागली. मी शहाण्या मुलासारखा घड्या घालून देत होतो. "चार वाजता निघू," म्हणाली. "तिथं तुम्हाला काही कमी पडणार नाही, बाबा." मला ठाऊक होतं ते. त्याचंच भय होतं. मी कात्री बॅगेत टाकली. तिनं काढली. मी पुन्हा टाकली.

मध्ये तिला ऑफिसचा कागद पाठवायचा होता. यंत्र चालू करून ती खालच्या ओळीतल्या आपल्या बिऱ्हाडात गेली, कागद पाठवला आणि बंद केलं. मी मोजे शोधत होतो.

मग बाई आल्या, हातात तिघांचा चहा. पोरीला म्हणाल्या, "तुम्ही बॅगा भरा. निघायच्या आत कॉलर तेवढी संपवतो." यंत्र चालू केलं, वरची ओळ, अंगण उघडलं.

अंगण स्वच्छ होतं. एक काडी नव्हती. कोट नव्हता.

मी खाली बसलो, थेट फरशीवर. पोरगी धावत आली. "काय झालं? छातीत दुखतंय?"

"कोट गेला."

आधी तिला कळेना. मग कळलं आणि तिनं तोंडावर हात ठेवला. "अगं बाई, मी माझं बिऱ्हाड चालू केलं! बाबा, टेंपमध्ये कुणी ठेवतं का?"

मी तोंड उघडणार तोच बाई म्हणाल्या, "मीच ठेवलं होतं. माझी चूक." साफ खोटं! आयुष्य कोर्टात काढलेली बाई, आणि डोळ्याचं पातं न हलवता!

मग त्यांनी चहाचा कप बाजूला सारला, खुर्ची पुढे ओढली आणि बोटं मोडली, कडकड. "उठा, मास्तर. सांगा पहिल्यापासून. माप घेताना गिऱ्हाइकाला काय सांगावं?"

"काकू, आत्ता?" पोरगी म्हणाली. "चार वाजता निघायचंय."

"मग तुम्ही व्हा पुढं," बाई म्हणाल्या.

मी उठलो. काय सांगू, मघाशी फरशीवर बसलेला मी आता येरझाऱ्या घालत होतो. श्वास सोडायला सांगावा, म्हटलं. बाईंनी टाइप केलं. आणि गंमत अशी की या खेपेला जास्त चांगलं आलं. जाडजूड गिऱ्हाइकाचा एक किस्सा मागच्या वेळी राहून गेला होता, तो आठवला. बाई इतक्या हसल्या की चष्मा कीबोर्डवर पडला. मी उचलून दिला, तो त्यांनी उलटा घातला, मी सरळ केला.

पोरगी माझा शर्ट हातात घेऊन दारात उभी होती. तिच्याकडे लक्षच नव्हतं आमचं. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला इथंच का राहायचंय? खरं सांगा."

खरं म्हणजे माझ्याकडे पुष्कळ कारणं होती. वाण्याचं दुकान जवळ आहे, पाणी वेळेवर येतं, दोन्ही वेळा हवा खेळते. पण तोंडातून निघालं, "कोट अर्धा राहिलाय गं."

तिनं बाईंकडे बघितलं. बाई कीबोर्डकडे बघत होत्या, जणू त्यावरची अक्षरं आज पहिल्यांदाच दिसत होती. कान मात्र लाल. पंखा लावायला हवा होता.

"किती दिवस लागतील कोट व्हायला?" पोरीनं विचारलं.

या धंद्यात खोटी तारीख देणारे शिंपी खूप. मी कधी दिली नाही. म्हटलं, "चांगला कोट घाईनं होत नाही."

"बाही चढवायलाच वर्ष जाईल," बाई वर न बघता म्हणाल्या. "आणि काजं अजून धरलेलीच नाहीत."

पोरगी हसायला लागली. हसता हसता पलंगावर बसली, डोळे पुसले, पुन्हा हसली. मला भीती वाटली, आमच्यावर रागावून असं होतंय की काय. मग ती उठली आणि तिनं बॅग पलंगावर उलटी केली. माझे शर्ट, मोजे, कात्री, सगळा ढीग.

"घड्या तुम्हीच घाला," म्हणाली. "मला चार वाजता निघायचंय."

जिन्यात ती आणि बाई बराच वेळ काहीतरी बोलत होत्या. मी कान लावला, पण ऐकू आलं नाही. बाई परत आल्या तेव्हा डोळे पाणावलेले होते. वर गच्चीवर धूळ फार आहे, त्यामुळेच.

रविवार, ३१ मार्च

पोरगी राहू का देतेय, याचा मी चार दिवस विचार केला. एकच दिसतं. मी यंत्र नीट झाडून ठेवलं होतं, ते तिला आवडलं. माणसानं टापटीप असावं.

आता रोज चेहरा दाखवायचा नाही, फक्त रविवारी. "तुम्ही कामात असता, बाबा," म्हणाली. माया कमी झाली की काय, म्हणून मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "उलट आहे हो, मास्तर. छातीचं माप कुठवर आलं होतं?"

आज सातला बसलो. बाई कॉलरीचं टाइप करत तिथंच होत्या, म्हटलं उठू नका. पोरीनं विचारलं, "बाबा, शेजारी अर्धा खांदा कुणाचा दिसतोय?"

"बाईंचा."

"मग त्यांना सरकायला सांगा. अर्ध्या नकोत, पूर्ण दिसू देत."

बाई सरकल्या. खुर्ची एकच, त्यात दोघं. माझा एक पाय बाहेर, त्यांची कोपर माझ्या बरगडीत. जावईबापूही आले बघायला, आणि तिकडे दोघं उगाच हसत सुटली. अर्धा तास तसेच बसलो. कुणी उठेना.

उद्या सुताराकडे जाऊन बाक सांगतो. दोन माणसांचा. माप घेऊन ठेवलंय.